पाहिलेले आणि पुरवलेले

न्यायशास्त्रात संशयाचे जे उदाहरण शतकानुशतके शिकवले गेले ते संधिप्रकाशातले आहे. दूर काहीतरी उभे आहे, त्याची उंची माणसाएवढी आहे, आणि तो झाडाचा खुंट आहे की कोणी पुरुष उभा आहे, याचा निर्णय पाहणाऱ्याला करता येत नाही. या प्रसंगी डोळ्यांत विकार नाही, मन विचलित नाही, समोरची वस्तूही मायिक नाही. उणीव आहे ती इतकीच, की निर्णयाला पुरेल एवढा प्रकाश त्या वस्तूकडून निघून पाहणाऱ्यापर्यंत येऊन पोहोचलेला नाही. बुद्धपौर्णिमेला मेळघाटातल्या पाणवठ्यांवर मचाणावर बसून रात्रभर प्राणी पाहण्याची जी रीत आमच्या वऱ्हाडात रूढ आहे, तीत या प्राचीन संशयाचा प्रत्यय दरवर्षी येतो. सागाची पाने गळून गेलेली असतात, चांदणे थेट जमिनीवर उतरते, डोळे काळोखाला सरावतात, आणि तरीही पाण्याच्या कडेला जे काळे हलल्यासारखे वाटते ते अस्वल आहे की वणव्यात जळलेला बुंधा, यावर एकाच मचाणावरच्या दोन इसमांचे एकमत होत नाही. वनखाते या रात्रीला आता गणना न म्हणता निसर्गानुभव म्हणते, हे मला फार योग्य वाटते. कारण त्या प्रकाशात अनुभव पुष्कळ येतो, गणतीला मात्र आधार थोडा मिळतो.

अलीकडे या मचाणावर एक तिसरा साक्षीदार येऊन बसू लागला आहे. त्याच काळोखात मोबाइल उचलून दोन-तीन सेकंद स्थिर धरला, की पडद्यावर पाणवठा असा काही उजळून निघतो की बुंध्याची साल, काठचे दगड, पलीकडची झुडपे सारे निःसंदिग्ध दिसू लागते, आणि ज्या डोळ्यांनी क्षणापूर्वी प्रामाणिकपणे संशय व्यक्त केला होता तेच डोळे आता त्या पडद्याची साक्ष अंतिम मानून मोकळे होतात. डोळ्यांचा संशय खरा, की यंत्राचा निश्चय खरा? न्यायसूत्रकार गौतमाने प्रत्यक्ष ज्ञानाकडून दोन गोष्टींची अपेक्षा केली आहे: ते निश्चयात्मक असावे, आणि त्यात व्यभिचार नसावा, म्हणजे वस्तू जशी आहे तशीच ती कळावी. पहिली अपेक्षा पुरी झाली म्हणून दुसरीही पुरी झाली असे होत नाही. आणि आजच्या कॅमेऱ्याने, निश्चय स्वस्त करून, या दोहोंतले अंतर जेवढे वाढवले आहे तेवढे ते पूर्वी कधी नव्हते असे मला वाटते. म्हणून सेन्सरचा आकार आणि पिक्सेलांची संख्या हा विषय केवळ दुकानदाराचा आणि गिऱ्हाइकाचा राहत नाही. पाहण्याचे प्रामाण्य सूक्ष्म विभाग करण्याच्या शक्तीवर उभे आहे की प्रकाश स्वीकारण्याच्या शक्तीवर, हा तत्त्वज्ञानाचा जुना प्रश्न त्याच्या पोटात आहे.

अमरावती-अकोल्याच्या बाजारात कॅमेऱ्याचा मोबाइल विकला जातो तो आकड्यावर. 50 मेगापिक्सेल, 108 मेगापिक्सेल, 200 मेगापिक्सेल असे आकडे खोक्यावर ठळक छापलेले असतात. त्याच खोक्यात सेन्सर केवढा आहे हे बारीक अक्षरातही बहुधा नसते. कॅमेऱ्याच्या पोटात पूर्वी जिथे फिल्म असे तिथे आता सिलिकनचा एक चौकोन असतो, आणि जुन्या 35 मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा तो असेल तर 36 बाय 24, म्हणजे 864 चौरस मिलिमीटरांचा भरतो. हौशी छायाचित्रकाराच्या हाती असणाऱ्या मधल्या प्रतीच्या कॅमेऱ्यात तो साधारण 23.5 बाय 15.6, म्हणजे सुमारे 367 चौरस मिलिमीटरांचा असतो. आणि साध्या मोबाइलमध्ये पुष्कळदा 25 चौरस मिलिमीटरांच्या आसपास, भारी मोबाइलमध्ये त्याच्या दोन-तीन पट. पाच एकरांचे कोरडवाहू वावर पाच भावांत वाटले, सातबाऱ्यावर पाच हिस्से निराळे पडले, म्हणून त्या वावरावर पडणारा पाऊस पाचपट होत नाही. उलट प्रत्येक नव्या धुऱ्याखाली थोडी जमीन मात्र जाते. पिक्सेल हे सेन्सरचे असेच हिस्से होत. चोवीस मेगापिक्सेलांच्या पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यात एकेक हिस्सा सहा मायक्रोमीटर रुंदीचा असतो, मोबाइलमध्ये तो पाऊण-एक मायक्रोमीटरावर येतो, आणि क्षेत्रफळाचा हिशेब केला तर पहिल्याच्या वाट्याला दुसऱ्याच्या पन्नासपट जागा येते. मोठ्या सेन्सरबरोबर भिंगाचे तोंडही त्या प्रमाणात मोठे लागते, नाही तर नुसत्या क्षेत्रफळाचा उपयोग नाही. हे सांगून ठेवतो, कारण स्वीकाराची शक्ती पात्र आणि द्वार दोन्ही मिळून होते.

विभागाला मोल नाही असे मी म्हणत नाही. शिलालेखाचे झिजलेले अक्षर वाचायचे असेल, कारंज्याच्या जैन भांडारातल्या पोथीचे पान पुढच्या पिढ्यांसाठी उतरवून ठेवायचे असेल, किंवा रानपिंगळ्याच्या कपाळावर ठिपके आहेत की नाहीत यावरून त्याला साध्या पिंगळ्यापासून वेगळा ओळखायचा असेल, तर सूक्ष्म विभागांवाचून गत्यंतर नाही. पण त्यालाही मर्यादा आहे. ए-चार आकाराच्या कागदावर इंचाला 300 ठिपके या उत्तम दर्जाने छापायचे म्हटले तरी 87 लाख पिक्सेल पुरतात. शिवाय प्रकाशाचा स्वभाव असा, की भिंगाच्या छिद्रातून जाताना तो पसरतो, आणि 1.8 छिद्रांकाच्या मोबाइलच्या भिंगातून हिरव्या प्रकाशाचा एक निखळ बिंदू सेन्सरवर सुमारे 2.4 मायक्रोमीटर व्यासाची चकती होऊन पडतो. जिथे एक बिंदूच तीन-तीन घरांवर सांडतो, तिथे घरांची संख्या वाढवून बिंदू अधिक टोकदार होण्याची आशा व्यर्थ होय.

वैशेषिकांनी चाक्षुष प्रत्यक्षाला तीन अटी घातल्या आहेत, आणि त्या आजच्या प्रयोगशाळेतही लाजिरवाण्या ठरू नयेत इतक्या विचारपूर्वक घातलेल्या आहेत: द्रव्य महत् परिमाणाचे हवे, त्याचे रूप उद्भूत, म्हणजे प्रकट हवे, आणि त्याच्याशी आलोकाचा, म्हणजे प्रकाशाचा संयोग हवा. झरोक्यातून आलेल्या उन्हाच्या तिरपेत तरंगणारा कण, ज्याला त्यांनी त्रसरेणू म्हटले, तो दृश्य जगाची खालची सरहद्द. त्याचा सहावा अंश तो परमाणू, आणि तो डोळ्याला कधीच न दिसता केवळ अनुमानाने कळायचा. डोळा तैजस असून त्याचे किरण वस्तूपर्यंत जातात, ही त्यांची समजूत आज टिकणारी नाही. प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो, डोळ्याकडून वस्तूकडे जात नाही. परंतु परिमाण, रूप आणि आलोक या तिहींवाचून दर्शन घडत नाही, ही त्यांची अटींची यादी शाबूत राहिली. मेगापिक्सेलांची स्पर्धा या यादीतली पहिली अट तेवढी जाणते आणि तिसरी विसरते.

तिसऱ्या अटीतच खरे मर्म आहे. प्रकाश अखंड धारेने येत नाही, सुट्या कणांनी येतो, आणि त्या कणांच्या येण्याला ठरलेला क्रम नाही. एखाद्या पिक्सेलवर ठरावीक वेळात सरासरी 100 कण पडत असतील, तर प्रत्यक्षात कधी 90 पडतील, कधी 110 पडतील. म्हणजे मोजणीत दहा टक्क्यांची अनिश्चितता राहणार. सरासरी 10,000 असेल तर फरक शंभराच्या आसपास, म्हणजे एक टक्का. भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो, पौर्णिमेच्या चांदण्यात पाव लक्सच्या आसपास. पौर्णिमेचा चंद्र सूर्याहून सुमारे चार लाख पटींनी मंद असतो. म्हणून चांदण्यात घेतलेल्या चित्रात जे दाणे उठतात, ज्यांना छायाचित्रकार नॉईज म्हणतात आणि ज्यांच्यावर चिडतात, त्यांतले थोडे यंत्राच्या विद्युत्-मंडलातून येत असले तरी पुष्कळसे प्रकाशाच्या स्वतःच्या स्वभावातून येतात. सर्वथा निर्दोष सेन्सर घडवला तरी ते जाणार नाहीत. यात मला सत्यनिष्ठेचा एक मोठा आधार दिसतो. दाणेदार चित्र हे संशयाची नोंद करणारे चित्र आहे. आपल्यापर्यंत किती थोडे आले, आणि त्या थोड्यावरून किती सांगता येते, याची कैफियत त्याने आपल्या अंगावरच लिहून ठेवलेली असते.

हे सारे परमेश्वराने, किंवा ज्यांना हा शब्द मान्य नाही त्यांच्या मते निसर्गाने, माणसाच्या डोळ्यात फार पूर्वीच सोडवून ठेवले आहे. नेत्रपटलावर सुमारे 12 कोटी दंडपेशी आणि 60 लाखांच्या आसपास शंकूपेशी असतात, पण मेंदूकडे जाणारे तंतू दहा-बारा लाखच. याचा अर्थ असा, की शेकडो दंडपेशी आपले आपले थोडेसे मिळालेले एकत्र करून एकाच तंतूच्या स्वाधीन करतात. 1942 साली हेक्ट, श्लेर आणि पिरेन या तिघा शास्त्रज्ञांनी प्रयोगाने दाखवले, की अंधाराला पुरता सरावलेल्या माणसाला चमक जाणवायला प्रकाशाचे पाच ते चौदा कण नेत्रपटलात शोषले गेले तरी पुरे होतात. आणि आश्चर्य असे, की डोळ्याचा जो भाग दिवसा सर्वांत सूक्ष्म पाहतो, ज्याने आपण अक्षर वाचतो, सुईत दोरा ओवतो, त्या पीतबिंदूच्या ऐन मध्यभागी दंडपेशी मुळीच नसतात, त्यामुळे मंद प्रकाशात तो मध्यबिंदू आंधळा होतो. अंधुक तारा पाहायचा तर त्याच्यावर नजर रोखून चालत नाही, किंचित बाजूला पाहावे लागते. पाणवठ्याच्या काठावरची हालचालही मचाणावरचा जाणता माणूस अशीच कडेच्या नजरेने टिपतो. ज्या ठिकाणी भेद करण्याची शक्ती पराकोटीची, त्याच ठिकाणी काळोखात ग्रहणाची शक्ती शून्य, ही घटना मला कोणत्याही उपदेशाहून अधिक अर्थपूर्ण वाटते. मोबाइल घडवणाऱ्यांनाही शेवटी हाच मार्ग पत्करावा लागला: 200 मेगापिक्सेलांचा सेन्सर मंद प्रकाशात सोळा-सोळा पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलांचे चित्र देतो. जे बाजारात विभागून विकले ते रात्री पुन्हा एकत्र करावे लागते.

इथवरचा विषय स्वीकार आणि विभाग यांचा झाला, आणि यात निर्णय कठीण नाही. कठीण प्रश्न पुढे आहे. जे आलेच नाही ते यंत्राने स्वतःच्या पदरचे घालून चित्र पूर्ण केले, तर त्या चित्राला काय म्हणावे? 2023 साली एका जिज्ञासूने चंद्राचे एक चित्र मुद्दाम धूसर केले, त्यातला तपशील ओळखू येणार नाही असा पुसला, ते संगणकाच्या पडद्यावर लावून खोलीत अंधार केला, आणि दूर उभे राहून एका नामांकित बनावटीच्या मोबाइलने त्याचे छायाचित्र घेतले. छायाचित्रात विवरे उमटली, जी समोरच्या पडद्यावर नव्हती. यंत्राने चंद्र ओळखला होता, आणि पूर्वी शिकलेल्या असंख्य चंद्रांच्या आठवणीतून त्याने ही विवरे पुरवली होती. वैशाखी पौर्णिमेला मेळघाटातून आलेली किती चंद्रबिंबे आपण गौरवाने एकमेकांना दाखवली, आणि त्यांतली किती त्या रात्रीच्या आकाशातली होती, हे आज कोणीच सांगू शकणार नाही.

नैयायिकांपुढे हा प्रश्न चंदनाच्या रूपाने आला होता. चंदनाचे खोड दुरून नजरेस पडते, वास नाकापर्यंत येत नाही, तरी आपण म्हणतो की सुगंधी चंदन दिसले. हा सुगंध डोळ्याने कसा कळला? नव्यनैयायिकांनी याला ज्ञानलक्षण प्रत्यासत्ती असे नाव देऊन अलौकिक का होईना, पण प्रत्यक्षातच जागा दिली: पूर्वीच्या ज्ञानाच्या द्वारा इंद्रियाचा सुगंधाशी संबंध आला, असे त्यांनी मानले. सतराव्या शतकातल्या वेदान्तपरिभाषेत धर्मराजाध्वरीन्द्रांनी हे मान्य केले नाही. त्यांच्या मते त्या एकाच ज्ञानाचे दोन अंश करावे लागतात. चंदनाचे खोड अपरोक्ष आहे, सुगंधाचा अंश परोक्ष आहे, आणि दोन्ही एकाच वाक्यात आले म्हणून दोहोंची पत एक होत नाही. नैयायिकांविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे, पण या मामल्यात माझा कौल निःशंकपणे धर्मराजाध्वरीन्द्रांच्या बाजूला आहे. त्यांच्या काळात हा वाद पाठशाळेतला होता, कारण चंदन पाहणाऱ्याला आपण वास घेतलेला नाही हे स्वतःला ठाऊक असे. आज पाहणारा एक आणि आठवणारा दुसरा झाला आहे, पाहणाऱ्या माणसाला आठवणाऱ्या यंत्राने काय घातले हे कळण्याची सोय नाही, आणि म्हणून अंश निराळे दाखवण्याची गरज तेव्हापेक्षा आज कितीतरी अधिक आहे.

कोणी म्हणेल, असा निखळ स्वीकार कोणत्याच कॅमेऱ्यात नसतो. खरे आहे. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांना 1976 साली ज्या रचनेचे पेटंट मिळाले आणि जी आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे, तिच्यात प्रत्येक पिक्सेलवर एकाच रंगाची गाळणी असते. चारांत दोन हिरव्या, एक तांबडी, एक निळी. म्हणजे प्रत्येक ठिकाणी तीन रंगांपैकी एकच खरोखर मोजला जातो, उरलेले दोन शेजारच्या मोजणीवरून काढले जातात. चित्रातले रंगांचे दोन-तृतीयांश आकडे अनुमानाचे असतात. परंतु अनुमान आणि स्मरण यांत आपल्या शास्त्रकारांनी जो भेद केला तो इथे तंतोतंत उपयोगी पडतो. अनुमानाला हेतू लागतो, आणि तो हेतू त्याच पक्षावर, त्याच ठिकाणी हजर असावा लागतो; पर्वतावर धूर दिसला तर त्या पर्वतावरचा अग्नी कळतो, दुसऱ्या डोंगरावर काल पाहिलेला वणवा या डोंगरावर मांडता येत नाही. शेजारच्या पिक्सेलवरून रंग काढणे हे त्याच क्षणी, त्याच भिंगातून आलेल्या प्रकाशावरून केलेले अनुमान आहे. त्यात चूक होऊ शकते, पण त्याचा आधार समोर आहे. दुसऱ्या रात्रींच्या चंद्रांवरून या रात्रीची विवरे काढणे यात तो आधार नाही.

याहून खोल आक्षेप मात्र श्रद्धेच्या बाजूने येतो, आणि त्याला टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. मेळघाटातल्या पायवाटेच्या कडेला वाघदेवाचा दगड असतो. शेंदूर फासलेला, अनघड, त्याला डोळे नाहीत, पट्टे नाहीत, शेपूट नाही. तपशिलाच्या दृष्टीने पाहिले तर त्या दगडात वाघ मुळीच नाही. आणि तरी रानात जाणारा माणूस तिथे क्षणभर थांबून हात जोडतो तेव्हा त्याला वाघाचे सगळे सामर्थ्य, त्याचे भय आणि त्याची कृपा, तिथे उपस्थित असते. मग यानेही जे नाही ते पुरवलेच ना? पंढरीच्या विठ्ठलापासून गावच्या तांदळ्यापर्यंत आपली सारी मूर्तिपूजाच पुरवण्यावर उभी नाही काय?

उभी आहे, पण कशी उभी आहे ते पाहावे. शंकराचार्यांनी ज्या अध्यासाच्या विवेचनाने आपल्या ब्रह्मसूत्रभाष्याला आरंभ केला, त्या अध्यासात एका वस्तूवर दुसरीचा आरोप होतो, आणि आरोप करणाऱ्याला आपण तो करीत आहोत याची जाणीव नसते. शिंपेवर रुपे दिसते ते रुपे म्हणूनच दिसते. प्रतीकाच्या उपासनेत, जिचा विचार त्याच सूत्रांच्या चौथ्या अध्यायात आला आहे, कनिष्ठावर श्रेष्ठाची दृष्टी ठेवायची असते, आणि ती ठेवणारा ती जाणून-समजून ठेवतो. वाघदेवापुढे हात जोडणाऱ्याला तुम्ही विचारा, हा दगड आहे का? तो म्हणेल, दगडच आहे, पण देव आहे. दगड त्याने लपवलेला नाही. शेंदूर लावून तो उलट दाखवून दिलेला आहे, की इथे भाव आम्ही ठेवला. या प्रकट आरोपात ज्ञानाचा अपराध नाही, उलट ज्ञानाला त्यात एक नवी वाट मिळते. अपराध होतो तो पुरवलेल्याची नोंद पुसली जाते तिथे. चंद्रावर विवरे घालणाऱ्या यंत्राने चित्राच्या कोपऱ्यात ‘तपशील स्मरणातून’ एवढे जरी लिहिले असते, तरी माझी त्याच्याविरुद्ध तक्रार राहिली नसती.

आणि अशी नोंद ठेवणे अशक्य नाही, याचा दाखला याच अरण्यातल्या वाघांच्या मोजणीने दिलेला आहे. 1973-74 साली देशात जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले त्यांत मेळघाट एक. अमरावती जिल्ह्यातल्या गुगामळ आणि सेमाडोहपासून अकोला जिल्ह्यातल्या नरनाळ्यापर्यंत त्याचा विस्तार आहे. पूर्वी वाघ पाऊलखुणांवरून मोजत. राजस्थानात सरिस्क्याच्या कागदावर वाघ होते आणि जंगलात नव्हते, हे 2005 साली उघड झाले तेव्हा ती पद्धत गेली, आणि 2006 पासून दर चार वर्षांनी देशभर कॅमेरा ट्रॅपवर आधारलेली मोजणी सुरू झाली. वाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात. उष्ण देह समोरून सरकला की कॅमेरा आपोआप उघडतो. रात्री चालत्या वाघाचे पट्टे स्वच्छ मिळावेत म्हणून पिक्सेल वाढवण्यापेक्षा पांढऱ्या फ्लॅशचा प्रकाश वाढवणे अधिक उपयोगी पडते, हेही या कामात दिसून आले. 2018 च्या मोजणीत देशभर 26,838 जागी कॅमेरे लावले गेले, 3 कोटी 48 लाखांवर चित्रे निघाली, त्यांतली वाघांची 76,651 होती, आणि त्यांवरून 2,461 वाघ एकेक करून ओळखले गेले. जाहीर झालेला आकडा मात्र 2,967 होता. वरचे सुमारे पाचशे वाघ कुठून आले? ते संभाव्यतेच्या गणिताने अनुमानिले गेले, आणि तसे अहवालात स्पष्ट लिहिले गेले. एवढेच नव्हे, तर खरी संख्या 2,603 पासून 3,346 पर्यंत कुठेही असू शकेल, अशी मर्यादाही सांगितली गेली. पाहिलेले किती, अनुमानिलेले किती, आणि संशय किती, असे तिन्ही रकाने ज्या दस्तऐवजात निराळे ठेवले आहेत, त्या दस्तऐवजाला मी प्रमाणशास्त्राचा आधुनिक ग्रंथ म्हणायला कचरणार नाही.

या शिस्तीचे वऱ्हाडला नावीन्य नसावे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला, चक्रधरस्वामींच्या पश्चात म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा गोळा केल्या त्या ज्यांनी त्या प्रत्यक्ष पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांच्याकडे जाऊन, विचारून. आणि पुढे महानुभावांच्या पोथ्यांत जिथे एकाच प्रसंगाच्या आठवणी भिन्न पडल्या, तिथे त्या एकीत मिसळून गुळगुळीत न करता, अमक्याची आठवण अशी, तमक्याची अशी, म्हणून नावानिशी शेजारी-शेजारी ठेवल्या गेल्या. आपल्या आराध्य देवतेच्या चरित्रात संशयाला जागा ठेवण्याचे हे धैर्य ज्या परंपरेत होते, तिची श्रद्धा उणी होती असे कोण म्हणेल?

आणि मला राहून राहून आठवतात ते गुलाबराव महाराज. अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळीला 1881 साली ते जन्मले, अगदी तान्हेपणी त्यांची दृष्टी गेली, 1915 साली वयाच्या चौतिसाव्या वर्षी त्यांनी देह ठेवला, आणि एवढ्या अल्प आयुष्यात शंभराहून अधिक रचना त्यांच्या नावावर जमा झाल्या. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणत. मधुराद्वैताचा हा आचार्य स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवीत असे, आणि शास्त्रांबरोबर डार्विन-स्पेन्सरांच्या मतांचाही परामर्श घेत असे. ज्या मनुष्याच्या डोळ्यांत प्रकाशाचा एक कणही शिरत नव्हता, त्याने जे मिळवले ते कानाच्या द्वारे, कोणीतरी वाचून दाखवल्यामुळे मिळवले. आता या प्रसंगाचा बारकाईने विचार करावा. वाचणाऱ्याने पोथीतले पुसट अक्षर आपल्या अंदाजाने लावून वाचले आणि ‘इथे अक्षर लागत नाही, मी अंदाजाने वाचतो आहे’ असे सांगितले, तर ऐकणाऱ्याचे काही बिघडत नाही; त्याची प्रज्ञा त्या अंदाजाची पारख करून घेईल. न सांगता वाचले, तर ऐकणाऱ्याजवळ ते ओळखण्याचे कोणतेही साधन नाही. कोणत्याही छायाचित्रापुढे आपली सर्वांची स्थिती हीच असते. नरनाळ्याच्या पायथ्याशी मध्यरात्री जो वाघ गेला तो आपल्यापैकी कोणीच पाहिलेला नाही. कॅमेरा आपल्याला तो वाचून दाखवतो, आणि आपण ऐकतो. वाचकाचा आवाज गोड असावा, ही अपेक्षा रास्त आहे. पण त्याचे पहिले कर्तव्य ते नव्हे.

म्हणून माझा निर्णय असा आहे. चित्राची प्रत, ज्ञान या दृष्टीने, त्यात किती प्रकाश खरोखर आला यावर ठरते. तो किती घरांत वाटला हे दुय्यम. आणि न आलेले त्यात भरले असेल तर ते सांगितल्याशिवाय ते चित्र साक्षीला उभे करू नये. देखणेपणासाठी चित्र काढणाऱ्यांवर माझा हा नियम लादण्याची इच्छा नाही, चित्रकाराला कल्पनेचा पूर्ण अधिकार आहे. जो ‘मी पाहिले’ असे म्हणतो त्याच्यापुरता हा नियम आहे. वऱ्हाडातली वर्तमानपत्रे मेळघाटातली छायाचित्रे छापतात, वन्यजीव छायाचित्रांच्या स्पर्धा भरतात, शाळा-महाविद्यालयांतून प्रदर्शने होतात. या सर्वांना विनंती आहे की चित्राबरोबर कॅमेऱ्यातली मूळ फाईल मागून घ्यावी, चित्रावर यंत्राकडून काय संस्कार झाले ते त्याच्याखाली दोन शब्दांत छापावे, आणि केवळ दाणे उठले आहेत म्हणून कोणतेही चित्र बाद करू नये. आणि वाचकहो, नवा कॅमेरा किंवा मोबाइल घ्यायला दुकानात जाल तेव्हा मेगापिक्सेलांचा आकडा ऐकून घ्या, पण पैसे मोजण्यापूर्वी सेन्सर केवढा आहे आणि भिंगाचे छिद्र किती आहे हे अवश्य विचारा. दुकानदाराला सांगता आले नाही, तर त्याला माहिती काढून आणायला सांगा आणि तोपर्यंत थांबा.